राज्याचे फुलपाखरू नीलवंत: रंग, राहणे, कुळ आणि माकडलिंबाचे झुडूप

राज्य प्राणी शेकरू, राज्य पक्षी हरियाल, राज्य वृक्ष आंबा, राज्य फूल ताम्हण. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना ही यादी तोंडपाठ असते, आणि तिच्यात आणखी एक नाव येते: राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन. नाव इंग्रजी असल्यामुळे वाडीवर कुणाला विचारले तर मान नकारार्थी हलते. पण 'पावसात परसात येतं ते मोठं काळं, मागच्या पंखांवर निळं' असे सांगितले की मग 'अरे, ते होय!' म्हणून लगेच ओळख पटते. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, कणकवली, वैभववाडी, कुठल्याही तालुक्यात घाटाच्या पायथ्याला घर असेल तर हे फुलपाखरू दारातून गेलेले असतेच.

त्याला हा मान जून 2015 मध्ये मिळाला. राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत निर्णय झाला आणि स्वतःचे राज्य फुलपाखरू असलेले महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. त्यानंतर उत्तराखंड, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू अशा राज्यांनीही आपापली फुलपाखरे निवडली. घोषणेच्या वेळी मराठीत 'राणी पाकोळी' हे नाव पुढे आले होते. पण पाकोळी म्हटले की आपल्याकडे आधी तो घरांच्या आणि देवळांच्या कौलांखाली घरटे करणारा, दिवसभर आकाशात फिरणारा पक्षी डोळ्यासमोर येतो, त्यामुळे थोडा घोळ होतोच. नंतर फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे काम झाले, त्यात याला 'नीलवंत' म्हटले गेले. ऐकायला गोड आणि अर्थही नेमका. पुढे हेच नाव वापरले आहे.

दिसायला कसे?

आकार आधी. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 12 ते 15 सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाचा पंजा जवळजवळ झाकला जाईल एवढे. आपल्या भागात याच्याहून मोठे फुलपाखरू म्हणजे काळे-पिवळे सदर्न बर्डविंग. ते उंच झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जाते. नीलवंत मात्र माणसाच्या उंचीच्या आसपास वावरते, म्हणून जास्त नजरेत भरते.

पंखांचा मूळ रंग मखमली काळा. पुढच्या पंखांवर कडेच्या बाजूला फिकट निळसर-राखाडी रेघांचा पट्टा असतो, शिरांच्या मधोमध ओढलेल्या फटकाऱ्यांसारखा. खरा रंग मागच्या पंखावर. शरीराजवळचा भाग काळा आणि त्यापलीकडचा अर्ध्याहून अधिक भाग फिकट निळा, त्या निळ्यावर काळ्या टिपक्यांच्या ओळी. पंखांची खालची बाजू वेगळी दिसते: निळा भाग मळकट राखाडी होतो आणि पंख जिथे शरीराला जोडलेले असतात तिथे लाल डाग दिसतात. फुलावर बसलेल्या नीलवंताचा फोटो बाजूने काढला तर हे लाल डाग आधी दिसतात, आणि 'हे वेगळंच फुलपाखरू आहे का?' असा प्रश्न पडतो. तेच असते ते.

मादी नरापेक्षा थोडी मोठी. तिचा निळा रंग तितका झळाळत नाही, राखाडीकडे झुकतो. उडताना नर-मादी ओळखणे सोपे नाही, पण ओल्या वाळूवर बसून पाणी पीत असेल तर तो बहुतेक नर, आणि लिंबाच्या किंवा माकडलिंबाच्या झुडपाभोवती घिरट्या घालत एकेका पानाला स्पर्श करत असेल तर ती मादी, एवढे ढोबळमानाने सांगता येते.

एक खूण पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. नीलवंत ज्या कुळातले, त्या कुळातल्या अनेक जातींच्या मागच्या पंखाला शेपटीसारखे टोक असते. इंग्रजीत या कुळाला 'स्वॉलोटेल' म्हणतात ते त्यामुळेच. नीलवंताला मात्र शेपटी नाही. मागच्या पंखाची कड नुसती दातेरी, कंगोऱ्यांची. त्यामुळे काळे-निळे आणि शेपटीवाले फुलपाखरू दिसले तर ते पिकॉक गटातले असण्याची शक्यता जास्त. काळ्यावर बारीक निळसर ठिपके-रेघा असलेली, आकाराने लहान आणि थव्याने फिरणारी फुलपाखरे दिसली तर ती ब्लू टायगर. त्यांचा या कुळाशी संबंध नाही.

कुळ आणि नावाची गोष्ट

शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. फुलपाखरे आणि पतंग मिळून कीटकांचा जो गण होतो तो लेपिडोप्टेरा, म्हणजे खवल्यांचे पंख असलेले. फुलपाखरू हातात धरले की बोटांना जी भुकटी लागते ते हेच खवले, आणि रंग त्यांच्यातच असतो. एकदा गेलेले खवले परत येत नाहीत. या गणात पॅपिलिओनिडी हे कुळ, त्यात पॅपिलिओ ही प्रजाती आणि तिच्यात ही जात. भारतात जी नीलवंत दिसतात ती एका उपजातीची आणि श्रीलंकेतली दुसऱ्या उपजातीची मानली जातात. श्रीलंकेतल्या उपजातीचे नाव पारिंदा.

या जातीचे शास्त्रीय वर्णन 1775 मध्ये पीटर क्रॅमर या डच अभ्यासकाने केले. त्या काळी या कुळातल्या मोठ्या फुलपाखरांना ग्रीक कथांमधल्या वीरांची आणि राजांची नावे द्यायची पद्धत होती. लिनियसने पाडलेली ही पद्धत बाकीच्यांनी पुढे चालवली. पॉलिम्नेस्टर हा कथेतला थ्रेसचा राजा. ट्रॉयच्या राजाने विश्वासाने सांभाळायला दिलेला मुलगा त्याने सोन्याच्या लोभाने मारला आणि पुढे मुलाच्या आईने त्याचे डोळे फोडले. एवढ्या देखण्या फुलपाखराला असल्या माणसाचे नाव! पण नाव देणाऱ्यांपुढे यादी होती आणि फुलपाखरे भरपूर, तिथे स्वभाव कोण जुळवत बसणार.

'मॉरमॉन' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. ती सुरू होते कॉमन मॉरमॉन या जवळच्या जातीपासून, म्हणजे कढीपत्त्यावर अंडी घालणारे, शेपटीवाले, काळ्यावर पांढरा पट्टा असलेले फुलपाखरू. त्याचा नर एकाच रूपाचा, पण मादी तीन वेगवेगळ्या रूपांत आढळते. एक रूप नरासारखे, आणि उरलेली दोन रूपे कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांसारखी दिसतात. ही रोझ फुलपाखरे सापसंदासारख्या वेलींची पाने खाऊन वाढतात आणि वेलीतले विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉरमॉनच्या मादीला विष नसते, पण सोंगाचा फायदा मिळतो. एका नराला तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून एकोणिसाव्या शतकात बहुपत्नीत्वासाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथाचे नाव ब्रिटिशांनी गमतीने या फुलपाखराला चिकटवले, असे सांगितले जाते. पुढे त्याच्या भाऊबंदांनाही तेच नाव लागले. नीलवंताच्या मादीची अशी सोंगे नाहीत. तिचे रूप एकच, नराशी मिळतेजुळते. नाव तेवढे नात्याने आले.

राहते कुठे, फिरते कसे

सह्याद्री हे नीलवंताचे खरे घर. दक्षिण गुजरातपासून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक करत केरळपर्यंत आणि पुढे श्रीलंकेत ते आढळते. विदर्भातल्या जंगलांतूनही त्याच्या नोंदी आहेत. भरपूर पावसाची सदाहरित आणि निमसदाहरित जंगले त्याला मानवतात. त्यातही दाट रानाच्या अगदी आतपेक्षा रानाची कड, ओढ्याचे पात्र, बैलगाडीची जुनी वाट, देवराईची सीमा अशा जागी ते अधिक दिसते, म्हणजे जिथे सावली आहे पण उडायला मोकळी गल्ली आहे अशा ठिकाणी. नर अशा गल्लीतून ठरावीक फेऱ्या मारतो. एकदा हुकला तर धावण्यात अर्थ नाही. तिथेच थांबले तर बऱ्याचदा तोच परत येतो.

ओलसर भागात ते वर्षभर थोडेफार दिसते, पण खरा हंगाम पाऊस सुरू झाल्यावर आणि विशेषतः पाऊस ओसरताना. गणपतीच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत आंबोली परिसरात, घाटाच्या कुशीतल्या पारपोलीत किंवा दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात सकाळी ऊन पडल्यावर फिरले तर नीलवंत दिसले नाही असे सहसा होत नाही. पारपोली तर 'फुलपाखरांचे गाव' म्हणूनच ओळखले जाते.

फुलांच्या बाबतीत ते फारसे नखरे करत नाही. जास्वंद, एक्झोरा, भुतकेस, घाणेरी, ज्या फुलात रस आहे तिथे ते जाते. सोंड लांब असल्याने खोल नळीच्या फुलांतलाही रस त्याला काढता येतो. रस पितानाही पुढचे पंख थरथरत राहतात, पूर्ण स्थिर असे ते बसत नाही. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. जोराचा पाऊस लागला किंवा संध्याकाळ झाली की मात्र झुडपात पंख पसरून गप्प बसते. तेव्हा पुढचे काळे पंख मागच्या पंखांवर ओढलेले असतात, निळा रंग बराचसा झाकला जातो आणि हातभर अंतरावरूनही लक्षात येत नाही.

ओल्या वाळूवर किंवा चिखलावर नर बसतात त्याला फुलपाखरांचे अभ्यासक चिखलपान म्हणतात. फुलाच्या रसात साखर असते, मीठ जवळजवळ नसते. ते क्षार चिखलातून, जनावरांच्या मुतलेल्या जागेतून मिळवावे लागतात. नर हे क्षार मिलनाच्या वेळी मादीला देतो आणि ते पुढे अंड्यांच्या कामी येतात. म्हणजे ओढ्याकाठी नुसता पाणी पीत बसल्यासारखा दिसणारा नर खरे तर पुढच्या पिढीची तजवीज करत असतो. घाटरस्त्याच्या कडेला ओल असली की ही मंडळी तिथेही उतरतात, आणि गाडीखाली येतात.

सगळे अवलंबून आहे एका झुडपावर

फुलपाखरू कुठल्याही फुलावर जाते, पण त्याची अळी कुठलेही पान खात नाही. नीलवंताची अळी प्रामुख्याने लिंबाच्या कुळातल्या वनस्पतींवरच वाढते. लिंबू, संत्रे, पपनस, बेल, कवठ, कढीपत्ता ही सगळी त्याच कुळातली. रानात नीलवंत ज्यावर अंडी घालते त्यातले महत्त्वाचे झुडूप म्हणजे माकडलिंबू. सह्याद्रीच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे हे झुडूप. पान चुरगळून हुंगले की लिंबाचा वास, फळे छोट्या लिंबासारखी गोल. दिसायला साधे, लाकडाला भाव नाही, फळाला बाजार नाही. ग्लायकॉस्मिस नावाची त्याच कुळातली झुडपेही चालतात. वस्तीजवळ आले की परसातले लिंबू, ईडलिंबू, पपनस.

मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी ते चाचपते. तिच्या पायांना चव कळते. पान योग्य वाटले तर एकच गोल, मोत्यासारखे अंडे चिकटवते आणि पुढे जाते. एका जागी ढीग घालत नाही. अंड्यातून निघालेली अळी आधी अंड्याचेच कवच खाते आणि मग पानाकडे वळते.

लहानपणी ही अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते: काळपट-हिरवट, मध्ये पांढरे फराटे, वर ओलसर चकाकी. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते, पण पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. चार वेळा कात टाकून मोठी झाली की सोंग बदलते. आता ती हिरवी, अंगावर तिरके फिकट पट्टे, आणि डोक्यामागचा फुगीर भाग असा की त्यावर दोन डोळे असल्यासारखे वाटते. ते खरे डोळे नव्हेत, नुसती खूण. कुणी डिवचलेच तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांची मऊ शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरे घाबरतात, पण या शिंगांनी काही होत नाही. ना डंख, ना खाज.

पुरेशी वाढ झाली की अळी फांदीला रेशमाची गादी करून शेपटीकडचे टोक अडकवते, कमरेभोवती एक धागा घेते आणि कोष होते. माडावर चढणारा पाडेली कमरेला दोर लावून मागे रेलतो, तसा हा कोष दिसतो. हिरव्या पानांत असेल तर कोष हिरवा, सुक्या काटक्यांत असेल तर तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण सव्वा ते दीड महिना लागतो. त्यातही सगळी काही पार पडत नाहीत. बारीक गांधीलमाशीच्या जातीचे कीटक अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालतात, कोळी आणि पक्षी आहेतच. घातलेल्या अंड्यांपैकी थोडीच उडण्यापर्यंत पोचतात.

मान आहे, पण संरक्षण?

नीलवंत दुर्मीळ नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. लिंबाचे एखादे झाड असलेल्या परसातही ते टिकते, अगदी मुंबई-ठाण्याच्या बागांतही दिसते. त्यामुळे 'राज्य फुलपाखरू नामशेष होणार' अशा मथळ्यांत तथ्य नाही. पण राज्य फुलपाखराचा दर्जा हा मान आहे, कायद्याचे वेगळे कवच नव्हे. कोणत्या जीवाला किती संरक्षण हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांवरून ठरते, राज्य चिन्हांच्या यादीवरून नाही. आणि मान फुलपाखराला मिळाला, माकडलिंबाला कुणी विचारले नाही.

खरी अडचण इथे आहे. काजू, रबर, अननसासाठी खासगी रान साफ होते तेव्हा मोठी झाडे मोजली जातात, त्यांची परवानगी लागते, त्यावर बोलले जाते. खालची झुडपे बेणणीत जातात, त्यांची कुठे नोंदसुद्धा नाही. दगडी गडगा बांधला की जुन्या जित्या कुंपणातली झाडी जाते. देवराईत जीर्णोद्धाराचे काम निघाले की 'केर काढून' आवार स्वच्छ केले जाते, त्या केरात माकडलिंबूही असतो. वरून बघितले तर रान हिरवेच दिसते. पण अळीला खायचे पान नसेल तर मादी तिथे अंडे घालणार नाही, आणि मग फुलझाडे कितीही लावली तरी तिथे दिसेल ते फक्त वाटेने जाणारे पाहुणे.

शाळांमधून, ग्रामपंचायतींच्या आवारात आता फुलपाखरू उद्याने होऊ लागली आहेत. त्यात बहुतेक भर रंगीत फुलांवर असतो. फोटो चांगले येतात हे खरे. पण नीलवंत हवे असेल तर सावलीच्या बाजूला माकडलिंबाची चार रोपे आणि एखादे पपनस किंवा ईडलिंबू असायला हवे, आणि त्यांची पाने कुरतडलेली दिसली तर ते बागेचे अपयश समजू नये.

लिंबू वाल्यांचा प्रश्न

'आमच्या लिंबाची पानं खाऊन टाकतात, त्याचं काय?' हा प्रश्न रास्त आहे. लिंबाच्या नवीन रोपांची पाने अळ्यांनी खाल्ली की रोप खुरटते. पण उघड्या उन्हातल्या बागेत पाने फस्त करणाऱ्या अळ्या बहुतांश नीलवंताच्या नसतात. त्या लाइम बटरफ्लायच्या, म्हणजे पिवळसर-काळ्या ठिपक्यांच्या, शेपटी नसलेल्या मध्यम फुलपाखराच्या असतात. ते मोकळ्या माळाचे, शेताचे फुलपाखरू. नीलवंताची मादी सावलीतले झाड पसंत करते आणि अंडी सुटी सुटी घालते, त्यामुळे तिच्या अळ्यांचा एकाच झाडावर हल्ला असा होत नाही. लहान असताना दोन्ही जातींच्या अळ्या शिटेसारख्याच दिसतात, तेव्हा फरक करणे अवघड जाते.

फवारणी केली की दोन्ही मरतात, आणि त्यांच्यावर जगणारे मित्रकीटकही. पाच-दहा झाडांच्या परसबागेला औषध मारण्याची गरज सहसा पडत नाही. कोवळ्या रोपांवरच्या अळ्या हाताने वेचणे हा जुना उपाय कृषी विभागाच्या शिफारशीतही असतोच. वेचलेली अळी पायाखाली न घेता पानासकट तोडून जुन्या मोठ्या लिंबावर, ईडलिंबावर किंवा बांधावरच्या माकडलिंबावर नेऊन ठेवली तरी काम होते. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही फरक पडत नाही. नेताना अळीला हाताने ओढू नये. ती पानाला रेशमाने धरून बसलेली असते आणि ओढल्यावर इजा होते. कात टाकण्याच्या बेतात असेल तर एक-दोन दिवस हलतही नाही. ती मेलेली नसते, तशीच राहू द्यावी.

कोष सापडला तर फांदी तोडून घरात आणायचा मोह होतो. आणलाच तर फांदी उभी, होती तशी ठेवावी आणि भोवती पंख पसरायला मोकळी जागा सोडावी. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येते. तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात, ते वाळून ताठ व्हायला काही वेळ लागतो. त्या वेळात हात लावला तर पंख वाकडे राहतात आणि ते पुन्हा उडू शकत नाही.